खुंटी, ओळंबा आणि दुपारची सावली : नवशिक्यांसाठी मोजमापाची पद्धत

उन्हात नीट उभी केलेली एक खुंटी तीन गोष्टी सांगू शकते : खरी उत्तर दिशा, तुमच्या गावची खरी दुपार आणि गावाचा अक्षांश. तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. प्रकाश सरळ रेषेत जातो, म्हणून खुंटीचं टोक, सावलीचं टोक आणि सूर्य एका रेषेत येतात.

तत्त्व सोपं असलं तरी पहिल्या मोजणीत उत्तर बहुधा चुकतं. सूत्र चुकलेलं नसतं. फळी तिरकी असते, खुंटी कललेली असते, सावलीची कड धूसर असते किंवा घड्याळातले बारा म्हणजेच दुपार असं धरलेलं असतं. हा लेख शिक्षक, विद्यार्थी आणि हौशी आकाशनिरीक्षक यांच्यासाठी आहे. यात या चार चुकांवरच जास्त भर दिला आहे.

काय लागेल

- 30 सेमी लांब, 6 मिमी जाडीची सरळ लोखंडी सळई. एक टोक कानशीने सपाट केलेलं.
- 60 × 60 सेमी प्लायवूड, 18 मिमी जाडीचं. मध्यभागी सळई घट्ट बसेल असं भोक सुताराकडून पाडून घ्या.
- स्पिरिट लेव्हल (पाणसळ). गवंड्याकडची चालेल.
- ओळंबा. नसेल तर बारीक दोरा आणि जड नट.
- कंपासपेटीतला गुण्या, कंपास, स्टीलची पट्टी, बारीक टोकाची पेन्सिल, ड्रॉइंग पेपर, चिकटपट्टी.
- पोस्टकार्डाच्या जाडीचे तीन पुठ्ठे (10 × 10 सेमी) आणि एक जाड पुठ्ठा (15 × 15 सेमी).
- ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा, टॉर्च, उदबत्ती.
- मोबाइलचं घड्याळ, वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्याच्या सेटिंगवर.
- टॅन आणि टॅन-व्यस्त काढणारा कॅल्क्युलेटर.

सळईऐवजी सायकलची तार घ्यायचा मोह होईल. ती का चालत नाही ते पायरी 2 मध्ये कळेल.

सुरक्षिततेचं आधीच सांगतो. या कामात सूर्याकडे पाहायची एकदाही गरज पडत नाही. छिद्राला डोळा लावून तर कधीच पाहू नका, छिद्रातून आलेला प्रकाश कागदावर बघा. मे महिन्यात दुपारी साडेबाराला गच्चीवर मुलांना नेणार असाल तर टोपी, पाणी आणि चपला सक्तीच्या करा. सळई चटका देण्याइतकी तापते.

पायरी 1 : प्रकाश सरळ जातो हे पडताळून घ्या

तीन छोट्या पुठ्ठ्यांवर कर्ण काढा आणि ते छेदतात तिथे 3 मिमीचं भोक पाडा. पुठ्ठे चिकणमातीच्या गोळ्यांत उभे करा, दोन पुठ्ठ्यांमध्ये 15 सेमी अंतर ठेवा. तिन्ही भोकांतून दोरा ओवून तो ताणा. दोरा कुठेही न वाकता गेला की भोकं एका रेषेत आली. आता दोरा काढा, खोली अंधारी करा आणि एका बाजूने टॉर्च लावा. पलीकडच्या भिंतीवर उजेडाचा ठिपका दिसेल. मधला पुठ्ठा 5 मिमी सरकवला की ठिपका नाहीसा होतो.

पुठ्ठ्यांजवळ उदबत्तीचा धूर सोडला की प्रकाशाची वाटच दिसते. मुलांना हे आवर्जून दाखवा, कारण ठिपका गेला म्हणजे प्रकाश मधेच अडला हे त्यांना धुरामुळेच नीट पटतं.

सरळ जाण्याचा नियम एकसारख्या माध्यमापुरता आहे. हवेचे वरचे थर विरळ आणि खालचे दाट असल्याने क्षितिजाजवळच्या सूर्याचा प्रकाश जवळपास अर्धा अंश वाकून येतो. सूर्य डोक्यावर असताना हे वाकणं नगण्य असतं. म्हणून आपलं सगळं मोजमाप दुपारच्या आसपास करायचं, सकाळी सातला नाही.

पायरी 2 : सावलीची कड ओळखा

ही पायरी वगळू नका. पुढची निम्मी चूक इथेच टळते.

सूर्य हा बिंदू नाही. त्याचा व्यास सुमारे 13.9 लाख किमी आणि अंतर सुमारे 15 कोटी किमी. भागाकार येतो साधारण 107. म्हणजे आकाशात सूर्याची तबकडी अर्ध्या अंशाहून किंचित मोठी दिसते. त्यामुळे सावलीला दोन भाग पडतात. जिथून सूर्य पूर्ण झाकला जातो ती गडद प्रच्छाया, आणि जिथून तो अर्धवट दिसतो ती फिकी उपच्छाया.

107 हा आकडा लक्षात ठेवा, त्याचे तीन उपयोग आहेत.

पहिला उपयोग खुंटीची जाडी ठरवायला. वस्तूच्या जाडीच्या 107 पट अंतरावर तिची प्रच्छाया संपते. 7 मिमी जाडीची पेन्सिल उन्हात जमिनीपासून 10 सेमीवर आडवी धरा, सावली काळीभोर पडेल. पाऊण मीटरवर नेलीत की मधला काळा पट्टा संपतो आणि नुसती राखाडी छटा उरते. सायकलची तार 2 मिमीची, तिची प्रच्छाया 21 सेमीतच संपते. 30 सेमी खुंटीचं टोक हिवाळ्यात दुपारी आपल्या सावलीच्या टोकापासून 40 सेमी दूर असतं, त्यामुळे तारेच्या सावलीचं टोक सापडतच नाही. 6 मिमीच्या सळईची प्रच्छाया 64 सेमीपर्यंत टिकते.

दुसरा उपयोग धूसरपणा मोजायला. अंतर भागिले 107 म्हणजे उपच्छायेची रुंदी. 40 सेमीला ती पावणेचार मिमी आणि जमिनीवर तिरकी पसरल्यामुळे पाच मिमी होते. म्हणजे सावलीचं टोक हा बिंदू नसून पाच मिमीचा पट्टा असतो. आपला डोळा त्यातल्या गडद बाजूची कड पकडतो. ती कड सूर्याच्या वरच्या काठाची असते, मध्याची नाही. सावली थोडी आखूड मोजली जाते आणि अक्षांश पाव अंशापर्यंत कमी येतो. पाव अंश म्हणजे नकाशावर सुमारे 28 किमी. पुणेकराचं उत्तर त्याला शिरवळच्या दिशेला नेऊन ठेवतं.

तिसरा उपयोग छिद्राच्या ठिपक्यासाठी, तो पायरी 7 मध्ये येईल. झाडाखाली पानांच्या फटींतून पडणारे गोल कवडसे ही याच नियमाने पडलेली सूर्याची चित्रं असतात. फट कशीही असो, कवडसा गोल. खंडग्रास ग्रहणात तेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात.

काठी मोठी घेतली की अचूकता वाढेल असं वाटणं साहजिक आहे. पण सावली लांबते तसा धूसर पट्टाही त्याच प्रमाणात रुंदावतो, अर्धा अंश अर्धा अंशच राहतो. जयपूरच्या जंतरमंतरमधलं सम्राट यंत्र (सावलीवरून वेळ दाखवणारं) सुमारे 27 मीटर उंच आहे, आणि तिथेही सावलीची कड धूसरच पडते. सुधारणा करायची तर ती कड पकडण्याच्या पद्धतीत करावी लागते.

पायरी 3 : फळी पाणसळीत आणा

सकाळी दहा ते दुपारी तीनपर्यंत झाड, टाकी, कठडा यांची सावली पडणार नाही अशी जागा निवडा.

मोठा सापळा गच्चीचा आहे. गच्ची सपाट दिसते, पण पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून तिला उतार दिलेला असतो. 100 ला 1 उतार म्हणजे 0.57 अंश, आणि तो उत्तर-दक्षिण असेल तर अक्षांशात 60 किमीहून जास्त चूक. म्हणून सावली थेट फरशीवर कधी मोजू नका. प्लायवूड ठेवा, त्याखाली घडी केलेल्या पुठ्ठ्याच्या पाचरी सारा, आणि पाणसळ एकदा उत्तर-दक्षिण, एकदा पूर्व-पश्चिम ठेवून बुडबुडा मध्यावर आणा.

पाणसळीचीही परीक्षा घ्या. बुडबुडा मध्यावर असताना ती उचलून उलट-सुलट टोकं करून त्याच जागी ठेवा. बुडबुडा सरकला तर पाणसळच चुकीची आहे. दुसरी मिळाली नाही तर दोन्ही वाचनांच्या मधली स्थिती खरी धरा.

कागद चारही कडांनी चिकटवा. वाऱ्याने फुगलेला कागद दोन-तीन मिमी सहज खातो.

पायरी 4 : खुंटी उभी करा

सळई भोकात बसवा आणि गुण्या टेकवून पाहा, एकदा एका बाजूने, एकदा त्याला काटकोनात असलेल्या बाजूने. एकाच बाजूने तपासलेली खुंटी दुसऱ्या बाजूला कललेली असू शकते. 30 सेमीच्या खुंटीत एक अंश कलणं म्हणजे टोक 5 मिमी सरकणं, आणि एक अंश डोळ्याला जाणवत नाही.

उंची फळीच्या पृष्ठभागापासून टोकापर्यंत मोजा. सळई 30 सेमी असली तरी 18 मिमी प्लायमध्ये गेलेले असतात. कापलेल्या लांबीचा आकडा लिहू नका.

पायरी 5 : तुमच्या गावची दुपार काढा

भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे. महाराष्ट्र आणि गोवा संपूर्णपणे त्याच्या पश्चिमेला आहेत, म्हणून आपल्याकडे सूर्य माथ्यावर उशिरा येतो, दर अंशाला 4 मिनिटं.

मुंबई 72.9 अंशांवर, फरक 9.6, म्हणजे सुमारे 38 मिनिटं. पुणे 73.9, सुमारे 35 मिनिटं. नागपूर 79.1, सुमारे 14 मिनिटं. सरासरी दुपार झाली अनुक्रमे 12:38, 12:35 आणि 12:14.

यात ऋतूनुसार आणखी एक दुरुस्ती आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला, त्यामुळे सूर्य वर्षभर घड्याळाच्या चालीने चालत नाही. 11 फेब्रुवारीच्या सुमारास तो 14 मिनिटं मागे असतो, 3 नोव्हेंबरच्या सुमारास 16 मिनिटं पुढे. मेच्या मध्यात पावणेचार मिनिटं पुढे, जुलैअखेर साडेसहा मिनिटं मागे. 15 एप्रिल, 13 जून, 1 सप्टेंबर आणि 25 डिसेंबरच्या आसपास फरक शून्य. म्हणजे पुण्यात खरी दुपार फेब्रुवारीत 12:49 ला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:19 ला होते.

बारा वाजता सावली मोजणाऱ्याची सावली उत्तरेकडे नसते, ती पश्चिमेकडे झुकलेली असते. दुपार अजून व्हायची असते.

पायरी 6 : वर्तुळ काढून खरी उत्तर मिळवा

ही पद्धत शुल्बसूत्रं आणि सूर्यसिद्धांत या प्राचीन ग्रंथांत दिलेली आहे. आजही होकायंत्राशिवाय याहून भरवशाचा घरगुती मार्ग नाही.

1. खऱ्या दुपारच्या दीड तास आधी सावलीच्या टोकावर खूण करा आणि वेळ लिहा. खुंटीच्या बुडाला केंद्र धरून त्या खुणेतून वर्तुळ काढा. कंपास पुरत नसेल तर पट्टी आणि दोरा वापरा.
2. पुढच्या तासाभरात, सावली आखूड होत असताना, अशाच आणखी दोन-तीन खुणा आणि वर्तुळं. एकच वर्तुळ काढलंत आणि दुपारी नेमका ढग आला तर दिवस वाया जातो.
3. दुपारनंतर सावली पुन्हा लांबेल. ती प्रत्येक वर्तुळाला टेकेल तिथे खूण आणि वेळ लिहा.
4. एकाच वर्तुळावरच्या दोन खुणा जोडा. ही पूर्व-पश्चिम रेषा. तिचा मध्य आणि खुंटीचं बूड जोडणारी रेषा उत्तर-दक्षिण.

सगळ्या वर्तुळांवरच्या या जोडरेषांचे मध्यबिंदू बुडातून जाणाऱ्या एकाच रेषेवर यायला हवेत. आले नाहीत तर खुंटी पूर्वेला किंवा पश्चिमेला कललेली आहे, किंवा फळी. पायरी 3 वर परत जा.

दोन खुणांच्या वेळांचा मध्य म्हणजे खरी दुपार, ती पायरी 5 च्या गणिताशी ताडून पाहा. सर्वात आखूड सावली कधी पडली यावरून दुपारची वेळ ठरवू नका. त्या सुमारास लांबी इतकी हळू बदलते की दहा मिनिटांचा फरक कळत नाही.

होकायंत्राशी तुलना करायची असेल तर ती मोकळ्या मैदानात करा. स्लॅबमधल्या सळया सुई ओढतात, आणि तुमची लोखंडी खुंटीसुद्धा.

आणखी एक सापळा. सर्वात आखूड सावली नेहमी उत्तरेला पडते असं बरेच जण शिकवतात. पुण्यात 14 मे ते 29 जुलैच्या दरम्यान दुपारची सावली दक्षिणेला पडते. 21 जूनला सूर्य पुण्याच्या माथ्याच्या जवळपास 5 अंश उत्तरेला असतो आणि 30 सेमी खुंटीची सावली अडीच सेमी दक्षिणेला जाते.

पायरी 7 : अक्षांश काढा, खुंटीऐवजी छिद्राने

अक्षांशासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने निवडा. आकाश स्वच्छ, सावली लांब, आणि वेळेत दहा मिनिटांची चूक झाली तरी कोनात 0.1 अंशाहून कमी फरक पडतो. मे महिन्यात ही सवलत मिळत नाही.

15 सेमीच्या जाड पुठ्ठ्याच्या मध्यात 2 सेमीची खिडकी कापा, तिच्यावर फॉइल चिकटवा आणि फॉइलमध्ये 3 मिमीचं गोल छिद्र पाडा. पुठ्ठ्यातच छिद्र पाडलं तर त्याच्या जाडीमुळे तिरका प्रकाश अडतो. हा पुठ्ठा स्टुलाच्या कडेला चिमट्याने असा लावा की छिद्र फळीच्या वर बरोबर 50 सेमीवर येईल. स्टूल दक्षिणेकडच्या बाजूला नको, त्याची सावली फळीवर पडेल. पूर्वेला किंवा पश्चिमेला ठेवा.

छिद्रावर आडवी काडी ठेवून तिला ओळंब्याचा दोरा बांधा. ओळंबा स्थिर झाल्यावर त्याच्या टोकाखाली खूण करा आणि तो काढून घ्या. ही खूण म्हणजे तुमच्या खुंटीचं बूड. इथे कलण्याचा प्रश्नच उरला नाही, म्हणून ही पद्धत सळईपेक्षा चांगली.

आता पुठ्ठ्याच्या सावलीत एक उजळ लंबगोल ठिपका दिसेल. हिवाळ्यात छिद्रापासून तो 67 सेमीवर पडतो. 67 भागिले 107 म्हणजे 6 मिमी सूर्याचं चित्र, अधिक छिद्राचे 3 मिमी, असा 9 मिमी रुंद आणि 12 मिमी लांब. त्याची दोन्ही टोकं पेन्सिलने टिपा आणि मध्य काढा. हा मध्य सूर्याच्या मध्याचा आहे, त्यामुळे पाव अंशाची चूक इथे होत नाही.

दुपारच्या 20 मिनिटं आधीपासून 20 मिनिटं नंतरपर्यंत दर 5 मिनिटांनी मध्य टिपा. सगळे बिंदू जोडणारी रेषा काढा आणि बुडापासून तिचं सर्वात कमी अंतर मोजा.

समजा 22 डिसेंबरला पुण्यात हे अंतर 45 सेमी आलं. 45 भागिले 50 म्हणजे 0.9, टॅन-व्यस्त 42 अंश. सूर्य माथ्यापासून 42 अंश दक्षिणेला आहे. त्या दिवशी सूर्याची क्रांती (सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे तो कोन, दक्षिणेला असेल तर उणे) उणे 23.4 अंश.

ठिपका उत्तरेला असेल तर : अक्षांश = कोन + क्रांती (क्रांती चिन्हासकट). म्हणजे 42 − 23.4 = 18.6.
ठिपका दक्षिणेला असेल तर : अक्षांश = क्रांती − कोन.

पुण्याचा अक्षांश 18.5 आहे, म्हणजे उत्तर उत्तम. या मांडणीत 1 मिमी चुकलं की अक्षांशात 0.06 अंश, सुमारे 7 किमी फरक पडतो.

क्रांतीचे ठोकळ आकडे असे : 21 मार्च आणि 23 सप्टेंबर 0, 20 एप्रिल आणि 23 ऑगस्ट अधिक 11.5, 21 मे आणि 23 जुलै अधिक 20.1, 21 जून अधिक 23.4, 23 ऑक्टोबर आणि 19 फेब्रुवारी उणे 11.4, 22 नोव्हेंबर आणि 20 जानेवारी उणे 20.1, 22 डिसेंबर उणे 23.4. मधल्या तारखांसाठी स्टेलॅरियम या मोफत सॉफ्टवेअरमधून आकडा घ्या, अंदाजाने मध्य काढू नका. मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांत क्रांती रोज 0.4 अंशाने बदलते.

पंचांग पाहणाऱ्यांना पलभा हा शब्द माहीत असेल. विषुवदिनी दुपारी 12 अंगुळांच्या शंकूची (म्हणजे उभ्या खुंटीची) पडणारी सावली ती पलभा. त्या दिवशी क्रांती शून्य असल्याने सावलीतून थेट अक्षांश मिळतो. पुण्याची पलभा 4 अंगुळे, नागपूरची साडेचारहून थोडी जास्त. 24 सेमीची खुंटी घेऊन 21 मार्चला पुण्यात मोजलं तर सावली 8 सेमी यायला हवी. जमलं तर हा प्रयोग शाळेत जरूर करा, त्याला कॅल्क्युलेटरही लागत नाही.

पायरी 8 : शून्य सावलीचा दिवस गाठा

सूर्याची क्रांती गावाच्या अक्षांशाइतकी होते त्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर माथ्यावर येतो. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने महाराष्ट्रात आणि गोव्यात हे वर्षातून दोनदा घडतं. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन पावसाळ्यात, म्हणून भरवसा मे महिन्यावरच ठेवा.

पणजी 2-3 मे, दुपारी 12:32 च्या सुमारास
कोल्हापूर 6-7 मे, 12:30
सोलापूर 10 मे, 12:23
पुणे 13-14 मे, 12:31
मुंबई 15-16 मे, 12:35
नाशिक 20 मे, 12:31
नागपूर 26 मे, 12:10

तारखेपेक्षा मिनिट जपा. त्या काळात क्रांती रोज सुमारे पाव अंश बदलते, आणि सूर्य आकाशात तेवढंच अंतर एका मिनिटात कापतो. 30 सेमी खुंटीसाठी दोन्हींचा परिणाम सारखाच, सव्वा मिमी. म्हणजे एक दिवस आधी पाहिलं तरी फारसं बिघडत नाही, पण पाच मिनिटं उशीर झाला तर सहा मिमीची सावली समोर असते. पंधरा मिनिटं आधी सगळी मांडामांड करून उभे राहा, आणि ढग असतील तर आदल्या-नंतरच्या दिवशीही प्रयत्न करा.

वस्तू सरळ उभ्या बाजूंची हवी : पाइपचा तुकडा, डबा, सळई. बादली नको. तिचं तोंड बुडापेक्षा रुंद असल्याने तिची सावली माथ्यावरच्या सूर्यातही तिच्या भोवती पडते. माणूसही नको, खांद्यांची सावली पायांभोवती दिसतेच आणि मुलं म्हणतात, सावली गेली कुठे, आहे की!

पाइप उभा ठेवून खाली पांढरा कागद घाला. योग्य क्षणी आतल्या कागदावर सगळीकडून सारखा उजेड पडतो. फोटो घ्यायचा तर हाच घ्या, त्यात वाद राहत नाही.

पायरी 9 : दोन गावं जोडून पृथ्वीचा परीघ

प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या अलेक्झांड्रिया आणि सायीनी (आजचं अस्वान) या शहरांच्या सावल्यांतला फरक वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणजे 7.2 अंश, धरून परीघ काढला होता. तेच तुम्ही एका मित्राला सोबत घेऊन करू शकता.

नाशिक आणि कोल्हापूर चांगली जोडी आहे. एकाच दिवशी, आपापल्या खऱ्या दुपारी, दोघांनी पायरी 7 प्रमाणे कोन मोजायचा. फरक 3.3 अंशांच्या आसपास यायला हवा. उत्तर-दक्षिण अंतर सुमारे 364 किमी. 364 × 360 ÷ 3.3 म्हणजे 39,700 किमी. ध्रुवांवरून जाणारा खरा परीघ सुमारे 40,008 किमी आहे.

अंतर नकाशावर उत्तर-दक्षिण मोजा, रस्त्याचं नको. आणि दोघांनी एकाच घड्याळी वेळेला मोजू नका, विशेषतः गावांचे रेखांश वेगळे असतील तर.

दोघांच्या मोजणीत मिळून पाव अंश चूक झाली तर 3.3 चे 3.05 किंवा 3.55 होतात आणि परीघ 43,000 ते 36,900 असा कुठेही जातो. गावं जितकी दूर, तितका हा परिणाम कमी. पणजी-नागपूर जोडी 5.7 अंशांची आहे. दिल्लीत नातेवाईक असतील तर पणजी-दिल्ली 13 अंशांहून जास्त, तिथे तीच पाव अंशाची चूक परिघात 2 टक्केच उरते.

उत्तर चुकलं तर कुठे पाहायचं

- अक्षांश दरवेळी पाव अंशाच्या आत कमी येतो : सावलीची गडद कड टिपली जाते आहे. छिद्र वापरा.
- अर्धा ते एक अंश चूक, आणि फळी हलवली की आकडा बदलतो : पाणसळ किंवा पाचरी.
- सळईने रोज तेवढीच चूक येते : सळई फळीला काटकोनात नाही. दुसऱ्या दिवशी फळी 180 अंश फिरवून, पुन्हा पाणसळीत आणून मोजा आणि दोन्ही उत्तरांची सरासरी घ्या. कलण्याची चूक निघून जाते.
- अक्षांश 40 अंशांच्या वर : हिवाळ्यातल्या क्रांतीचं उणे चिन्ह विसरलात.
- अक्षांश शून्याच्या जवळ किंवा अगदी वेगळाच : कॅल्क्युलेटर रेडियनवर आहे.
- ठिपका धूसर आणि पसरट : छिद्र 5 मिमीहून मोठं आहे किंवा वर पातळ ढग आहे. ढग असेल तर थांबा, कारण विखुरलेल्या उजेडात ठिपक्याचा मध्य एका बाजूला सरकलेला वाटतो.

प्रत्येक कागदावर तारीख, गाव, छिद्राची किंवा खुंटीची उंची, पाणसळ तपासल्याची वेळ आणि आकाशाची स्थिती लिहा. बुडाची खूण आणि उत्तर दिशेचा बाण शाईने काढा, पेन्सिलची खूण उन्हात आणि हाताळण्यात पुसट होते.